जनुकांची मोजदाद : जे. बी. एस. हाल्डेन

दहा हजार वस्तीचे एक गाव डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक माणसाला बहुतेक जनुकांच्या दोन प्रती मिळतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणजे अशा कोणत्याही एका जनुकाच्या वीस हजार प्रती या गावात आहेत. गावातील सर्व माणसांच्या सर्व जनुकांची मिळून जी रास होते, तिला जनुकसाठा म्हणतात. माणसे जन्माला येतात आणि जातात. रास पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहते. सरकताना तिच्यातील एका प्रकारच्या जनुकाचे प्रमाण वाढते, दुसऱ्याचे घटते. जीवसृष्टीतील उत्क्रांतीच्या मुळाशी प्रमाणांतील हा बदल असतो. तो किती वेगाने घडतो, हे गणिताने दाखवून देणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांत जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांची गणना होते. दुसरे दोघे म्हणजे इंग्लंडचे रोनाल्ड फिशर आणि अमेरिकेचे स्यूअल राइट. या तिघांपैकी हाल्डेन यांनाच आपण या पाठासाठी निवडले, याला एक कारण आहे. आयुष्याची अखेरची सात वर्षे त्यांनी भारतात काढली आणि भारतीय नागरिक म्हणूनच त्यांनी देह ठेवला.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे अभ्यासक होते. कोळशाच्या खाणींत साचणारे विषारी आणि स्फोटक वायू हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता, आणि प्रयोगासाठी स्वतःचे शरीर वापरण्याची त्यांची रीत होती. मुलालाही ते खाणीत नेत. एकदा त्यांनी मुलाला खाणीत उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणायला लावले. ज्वालाग्राही वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताजवळ साचतो. भाषण म्हणता म्हणता मुलाला धाप लागली, त्याचे पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा मात्र श्वास घेण्याजोगी होती. वायूचा हा गुणधर्म त्या मुलाने पुन्हा पुस्तकातून शिकण्याची गरज उरली नाही. आजच्या पालकाला ही अध्यापनपद्धती मानवणार नाही, हे उघड आहे.

मेंडेल यांचे वाटाण्यावरील विस्मृत संशोधन १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले. पुढच्याच वर्षी वडिलांनी आठ वर्षांच्या मुलाला या विषयावरील एका व्याख्यानाला नेले. थोडा मोठा झाल्यावर तो आणि धाकटी बहीण नेओमी (पुढे नेओमी मिचिसन या नावाने प्रसिद्ध झालेली कादंबरीकार) घरी गिनिपिग पाळून त्यांच्या रंगांच्या नोंदी ठेवू लागली. हे दोघे आणि त्यांचा एक मित्र यांनी मिळून उंदरांवर प्रयोग केले. दोन वेगवेगळी जनुके एकाच गुणसूत्रावर असल्यास ती बहुधा जोडीनेच पुढील पिढीत जातात, ही गोष्ट सस्तन प्राण्यांत त्यांनी प्रथम दाखवली. हा निबंध १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर पहिले महायुद्ध पेटले होते. थोरला हाल्डेन सैन्यात होता आणि मित्र रणांगणावर मरण पावला होता.

शिक्षणाचा तपशील थोडक्यात सांगता येईल. ईटन येथील शाळेत त्यांचा फार छळ झाला. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी आधी गणिताचा आणि नंतर ग्रीक-लॅटिन साहित्याचा व तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून प्रथम वर्ग मिळवला. विज्ञान शाखेची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. साहित्याचे विद्यार्थी असलेल्या तुम्हांला हे वाचून थोडे बरे वाटले, तर त्यात वावगे काही नाही. युद्धात ते फ्रान्स आणि इराक येथील आघाड्यांवर लढले, जखमी झाले आणि प्रकृती सुधारण्यासाठी भारतात पाठवले गेले. भारताशी झालेली त्यांची ही पहिली ओळख.

१९२३ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. तेथील नोकरी सुरू असतानाच, काहीशा आडवाटेने, त्यांच्या खऱ्या कार्याला आरंभ झाला. ते समजून घेण्यासाठी डार्विन यांच्या सिद्धान्तातील एक उणीव लक्षात घ्यावी लागेल. परिस्थितीशी जुळणारे जीव अधिक संतती मागे ठेवतात, हे डार्विन यांनी सांगितले. पण तो गुण संततीत कसा उतरतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे एकमेकांत मिसळत असतील, तर कोणताही नवा गुण काही पिढ्यांतच पातळ होऊन नाहीसा होईल. मेंडेल यांच्या शोधाने हा पेच सुटला. जनुके मिसळत नाहीत. ज्वारी आणि बाजरी एका पोत्यात घालून कितीही हलवली, तरी दाणे वेगवेगळेच राहतात, तशी ती राहतात. आणि दाणे वेगळे राहत असतील, तर ते मोजता येतात.

हाल्डेन यांनी ही मोजणी हाती घेतली. १९२४ ते १९३४ या दहा वर्षांत नैसर्गिक आणि कृत्रिम निवडीच्या गणितावर त्यांनी दहा निबंधांची मालिका लिहिली. पहिल्याच निबंधात त्यांनी घेतलेले पतंगाचे उदाहरण आज शालेय पुस्तकांतही आढळते. इंग्लंडमध्ये फिकट रंगाचा, काळे ठिपके असलेला एक निशाचर पतंग आहे. मँचेस्टर परिसरात १८४८ मध्ये त्याचा काळा प्रकार प्रथम नोंदवला गेला. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडे काळवंडत गेली आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत तेथील जवळजवळ सारे पतंग काळे झाले. या पतंगाची वर्षाला एकच पिढी होते. म्हणजे सुमारे पन्नास पिढ्यांत काळ्या रंगाचे प्रमाण नगण्यापासून जवळपास शंभर टक्क्यांपर्यंत पोहोचले. यासाठी काळ्या पतंगाला फिकट पतंगापेक्षा किती अधिक संतती मागे ठेवावी लागली असेल? हाल्डेन यांचे उत्तर होते, सुमारे दीडपट. त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांना नैसर्गिक निवड ही अतिशय मंद आणि क्षीण शक्ती वाटत असे. त्यांना हा आकडा अविश्वसनीय वाटला. पक्षी खोडावरील उठून दिसणारे पतंग खरोखरच वेचून खातात, हे रानात प्रयोग करून दाखवले गेले ते १९५० नंतर.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. कागद-पेन्सिल घेऊन ते स्वतः सोडवून पाहा. आरंभीच्या गावाकडे परत या. दोन्ही प्रती सदोष असतील तरच होणारा एक आनुवंशिक रोग तेथे दहा हजारांत एका माणसाला आहे, असे समजू. अशा जनुकाला अप्रभावी म्हणतात. दोन्ही बाजूंनी सदोष प्रत येण्याची शक्यता दहा हजारांत एक असेल, तर एका बाजूने येण्याची शक्यता शंभरात एक होते. म्हणजे गावातील वीस हजार प्रतींपैकी दोनशे सदोष आहेत. रोग्याजवळ त्यांतील किती? फक्त दोन. उरलेल्या १९८ प्रती १९८ धडधाकट माणसांत लपलेल्या आहेत. त्यांना स्वतःला याची जाणीवही नसते. आता कोणी फर्मान काढले, की रोग्यांना मुले होऊ देऊ नका. एका पिढीत दोनशेपैकी दोन प्रती कमी होतील, म्हणजे केवळ एक टक्का. जनुक जसजसे विरळ होईल, तसतसा हा वेग आणखी मंदावेल. सदोष प्रतींचे प्रमाण निम्म्यावर यायला शंभर पिढ्या लागतील. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर अडीच हजार वर्षे. आपल्याकडे सातवाहनांच्याही आधी हे फर्मान सुटले असते आणि प्रत्येक राजवटीने ते निष्ठेने पाळले असते, तरी आज निम्म्या सदोष प्रती शिल्लकच असत्या.

हे केवळ वहीतले गणित नव्हते. त्या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांत, आणि १९३३ नंतर जर्मनीत, आनुवंशिक दोष असल्याचे ठरवलेल्या माणसांवर सक्तीने निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करणारे कायदे होते. वंश शुद्ध करण्याचा हा कार्यक्रम विज्ञानाच्या नावाने चालला होता आणि प्रतिष्ठित शास्त्रज्ञांचा त्याला पाठिंबा होता. हाल्डेन यांनी १९३८ मध्ये आनुवंशिकता आणि राजकारण या विषयावर एक पुस्तक लिहून या कायद्यांचा वैज्ञानिक पायाच कच्चा असल्याचे दाखवले. दयेच्या आवाहनावर ते थांबले नाहीत. ज्या शास्त्राचा आधार सांगितला जात होता, त्याच शास्त्राचे आकडे त्यांनी पुढे ठेवले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या सार्वजनिक लेखनातील हे सर्वांत मोलाचे काम होय.

या मालिकेतील १९२७ च्या निबंधातील एक निष्कर्ष असाच चकित करणारा आहे. एखाद्या जीवात उत्परिवर्तनाने नवे आणि उपयुक्त जनुक निर्माण झाले, तरी ते टिकेलच असे नाही. ज्या एकाच जीवात ते आहे, तो संततीविना मेला तर सारेच संपले. जनुकामुळे संतती एक टक्क्याने वाढत असेल, तर ते कायमचे रुजण्याची शक्यता त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे दोन टक्के असते. अशी शंभर हितकारक जनुके उद्भवली, तर अठ्ठ्याण्णव केवळ योगायोगाने नाहीशी होतात. लहान समूहांत योगायोगाचा वाटा किती मोठा असतो, याचा सखोल विचार राइट यांनी केला. फिशर यांचा ग्रंथ १९३० मध्ये आला, राइट यांचा प्रदीर्घ निबंध १९३१ मध्ये आणि हाल्डेन यांचे उत्क्रांतीच्या कारणांवरील पुस्तक १९३२ मध्ये. डार्विन आणि मेंडेल यांची सांगड या तीन वर्षांत पक्की झाली.

मधल्या काळात एका प्रकरणाने केंब्रिज गाजले. शार्लट बर्गीस या विवाहित पत्रकार स्त्रीशी हाल्डेन यांना विवाह करायचा होता आणि तेव्हाच्या कायद्यात घटस्फोटासाठी व्यभिचाराचा पुरावा लागे. तो त्यांनी उघडपणे पुरवला. विद्यापीठाने अनैतिकतेचा ठपका ठेवून त्यांना काढून टाकले. त्यांनी दाद मागितली आणि पद परत मिळवले. १९२६ मध्ये विवाह झाला. १९३३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले.

लंडनमध्ये त्यांचे लक्ष माणसाच्या जनुकांकडे वळले. रक्त न गोठण्याचा रोग, ज्याला हिमोफिलिया म्हणतात, युरोपच्या राजघराण्यांत राणी व्हिक्टोरियाच्या वंशजांमधून पसरला होता. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीला दोन एक्स असतात, पुरुषाला एक. म्हणून पुरुषात एकच सदोष प्रत रोगाला पुरेशी होते. त्या काळी असे बहुतेक पुरुष संतती होण्यापूर्वीच मरत. समाजातील एकूण एक्स गुणसूत्रांपैकी एक तृतीयांश पुरुषांजवळ असतात. तेव्हा दर पिढीत या सदोष जनुकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश नष्ट व्हायला हवीत. तरीही रोग नाहीसा होत नव्हता. जितकी जनुके मरणाने वजा होतात, तितकीच नव्या उत्परिवर्तनाने जमा होत असली पाहिजेत, हे हाल्डेन यांनी ओळखले आणि १९३५ मध्ये तो वेग काढला : एका पिढीत सुमारे पन्नास हजारांत एक. जनुक म्हणजे रासायनिक दृष्ट्या काय, हे कोणालाही नीट ठाऊक नसताना, रुग्णांची संख्या आणि त्यांचे आयुर्मान एवढ्याच सामग्रीवरून हा हिशेब झाला.

अशीच आणखी एक कोंडी होती. भूमध्य सागराच्या परिसरात थॅलेसेमिया हा रक्ताचा रोग पुष्कळ आढळे. दोन्ही प्रती सदोष असलेली मुले लहानपणी दगावत, तरी जनुकाचे प्रमाण इतके मोठे कसे? उत्परिवर्तनाचा वेग येथे मुळीच पुरा पडत नव्हता. हाल्डेन यांनी सुचवले, की एकच सदोष प्रत असलेल्या माणसांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावे. हा तर्क १९४९ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेल या दुसऱ्या रक्तविकाराबाबत नेमके हेच दाखवून दिले. मित्रहो, हा विषय तुमच्यापासून दूर नाही. विदर्भात आणि नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. तुमच्यापैकी काहींच्या घरी त्याच्या तपासणीचे कार्डही असेल. त्या जनुकाचा संबंध कोणत्याही समाजाच्या हीनतेशी नाही. हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या पूर्वजांना ज्या एका प्रतीने वाचवले, तीच दोन झाल्या, की नातवंडाला छळते.

हाल्डेन यांच्या चरित्रातील एक भाग मात्र खटकतो. पुढे ते साम्यवादाकडे झुकले. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने मदत केली. कामगारांच्या दैनिकात विज्ञानावर शेकडो सुबोध लेख लिहिले. १९३९ मध्ये थीटिस ही पाणबुडी बुडून ९९ जण मेले, तेव्हा बंद हवेत माणूस किती काळ तग धरतो, याचे प्रयोग स्वतःवर केले. १९४२ मध्ये ते पक्षाचे सभासद झाले. पण १९४८ मध्ये सोव्हिएत राज्यसत्तेने लायसेंको यांची मते अधिकृत ठरवली आणि मेंडेलप्रणीत आनुवंशिकी त्याज्य ठरवली. त्याआधीच हाल्डेन यांचे स्नेही, थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह, १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले होते. लायसेंको यांचे दावे तपासण्याची क्षमता हाल्डेन यांच्याइतकी फार थोड्यांजवळ होती. तरीही त्यांनी जाहीर निषेध केला नाही. बोलले ते सावरून, गुळमुळीत. पुढे दोनएक वर्षांत ते गाजावाजा न करता पक्षापासून दूर झाले. वंशशुद्धीच्या कायद्यांपुढे ज्यांनी आकडे ठेवले, त्यांनी येथे ते का ठेवले नाहीत, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनाही टाळता येत नाही.

१९५७ मध्ये ते दुसऱ्या पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह कोलकात्याला आले. सुएझ कालव्याच्या प्रश्नावरून ब्रिटनने इजिप्तवर केलेल्या हल्ल्याचा त्यांना संताप होता. भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे निमंत्रणही होते. ते कुडता-धोतर वापरू लागले आणि मांसाहार सोडला. ज्या आनुवंशिकीच्या नियतकालिकाचे ते संपादक होते, तेही सोबत आले. ते आजही भारतातूनच निघते. त्याच वर्षी निवडीच्या किमतीवरचा त्यांचा निबंध आला. एका जनुकाच्या जागी दुसरे पूर्णपणे येण्यासाठी किती जिवांना संततीविना मरावे लागते, याचा हिशेब त्यात आहे. सरासरी तीनशे पिढ्यांमागे एक बदल, असा त्यांचा अंदाज होता.

महागडी उपकरणे नसतील, तर भारतीयांनी दिसेल ते मोजावे, असा त्यांचा आग्रह असे. सुबोधकुमार रॉय या सहकाऱ्याने पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. आपण ज्यांचा सडा अंगणात पाहतो त्या या फुलांत सगळ्यांच्या पाकळ्या सारख्या नसतात, आणि किती फुलांना किती पाकळ्या, हाच अभ्यासाचा विषय झाला. रॉय यांनीच भाताचे दोन वाण एकाच शेतात मिसळून लावले आणि त्याचा उत्पन्नावर काय परिणाम होतो, ते तपासले. कृष्णा द्रोणमराजू आणि मीरा खान यांनी आंध्र प्रदेशातील मामा-भाची आणि आते-मामे भावंडांच्या विवाहांची पाहणी केली. अशा विवाहांत एकाच पूर्वजाची सदोष प्रत दोन्ही बाजूंनी येऊन मुलात एकत्र होण्याची शक्यता वाढते. मामेबहिणीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक समाजांतही मान्य आहे. इरावती कर्वे यांना तुम्ही ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखता, भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवर त्यांनी १९५३ मध्ये ग्रंथ लिहिला, तो याच चालीरीतींविषयी. तो ग्रंथ आणि ही पाहणी शेजारी ठेवून वाचणे फार उद्बोधक ठरेल.

महालनोबिस यांच्याशी खटके उडाल्यावर १९६१ मध्ये त्यांनी संस्था सोडली. भारतीय नागरिकत्व त्यांनी याच सुमारास घेतले. ओडिशाचे मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांच्या निमंत्रणावरून १९६२ मध्ये त्यांनी भुवनेश्वर येथे नवी प्रयोगशाळा उभारायला घेतली. अमेरिकेतील अर्न्स्ट मायर यांनी गणिती आनुवंशिकीची, ती जनुकांना पिशवीतले सुटे दाणे समजते, अशी संभावना केली होती. या पिशवीतल्या दाण्यांच्या बचावाचा खणखणीत निबंध हाल्डेन यांनी १९६४ मध्ये लिहिला. तोवर त्यांना आतड्याचा कर्करोग झाला होता. लंडनच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि तेथेच त्यांनी आपल्या रोगावर एक विनोदी कविता रचली. लक्षणे दिसताच लाज सोडून डॉक्टरकडे जा, हे लोकांना सांगण्याचा तिचा हेतू होता. आपल्या मृत्यूनंतर प्रसारित करण्यासाठीचे निवेदनही त्यांनी बीबीसीसाठी स्वतःच ध्वनिमुद्रित करून ठेवले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे ते निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिव काकिनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाकडे, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी, पाठवण्यात आले.